उत्तर न देण्याचा नेम

शांतवन,

तुला माती देऊन आलो त्याला आठवडाही झाला नव्हता आणि रविवारी जळोचीला तुझ्या घरी परत बैठक भरली. मला वाटलं होतं, निदान एक रविवार तरी लोक आपापल्या घरी बसतील. कसले बसतात! अंकुशनं खोली झाडून चटया अंथरल्या होत्या. कुसुमताई घरून भात-आमटी करून घेऊन आल्या होत्या. सगळे तुझ्या शिस्तीनं गोल करून बसले आणि तुझ्याच शिस्तीनं एकेकाचे दोष सांगायला सुरुवात झाली. मी नेहमीसारखा दाराशी लसूण सोलत होतो. तुझ्या त्या नेमानं तुला नेलं, आणि आता तो कुसुमताईंच्या मागं लागलाय. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

तू असतास तर म्हणाला असतास, "बापू, तू बैठकीतला न्हायस. तुला बोलायचा अधिकार न्हाय." खरंय. मी तुझ्या मंडळात कधी शिरलो नाही. बावड्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, पुढं तू शिकून बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागलास, मी बावड्यातच पेरूच्या बागेत राहिलो. वहिनी गेल्यावर तू जळोचीतल्या घरात हे सगळं मांडलंस आणि मी दर रविवारी एवढ्या लांबून यायला लागलो. बैठकीसाठी नाही, तुझ्यासाठी. आणि कुसुमताईंच्या आमटीसाठी, हेही कबूल करतो.

त्या लोकांची गोष्ट तू मला पहिल्यांदा सांगितलीस ती आमच्याच बागेत. पेरूची तोड चालू होती आणि आपण पालथ्या क्रेटांवर बसलो होतो. तू नुकतंच कुठलंसं जुनं पुस्तक वाचून संपवलं होतंस आणि नव्या नवरदेवासारखा फुलला होतास. सहाशे वर्षांपूर्वी तिकडं नेदरलँड्समध्ये काही साधी, बिनलग्नाची ख्रिस्ती माणसं एकत्र राहायला लागली म्हणालास. पाद्री नव्हेत, मठातले साधू नव्हेत. एक घर, एक चूल. हातानं पुस्तकांच्या प्रती करायच्या आणि त्यावर पोट भरायचं. गावोगावची शिकायला आलेली पोरं घरात ठेवून घ्यायची, त्यांना जेवू घालायचं, चांगलं वळण लावायचं. सहजीवनाचे बंधू म्हणत त्यांना.

"आन् शपथ कुणी घ्यायची न्हाय," तू बोट वर करून म्हणालास. "हेच मला लई आवडलं बघ. शपथ घेतली की मानूस अडकला. ह्यांनी रोज सकाळी उठून परत ठरवायचं, आजबी हितंच ऱ्हायचं."

"म्हंजे बिनलग्नाच्यांचं होस्टेल," मी म्हणालो.

तू एवढा हसलास की तोडीच्या बायका वळून बघायला लागल्या. मग हातातला पेरू तसाच ठेवून म्हणालास, "चेष्टा कर. पर मी हे करनार हाय."

आणि केलंस. मी मनातून म्हणत होतो, सहा महिने चालेल. तुझ्या पुढच्या खोलीत संध्याकाळी शाळेतल्या मुली अभ्यासाला यायला लागल्या, मग त्यांच्या आज्या यायला लागल्या. अंकुश तुझा शेजारी, डाळिंबवाला. शाळा अर्धी सोडलेला हा गडी तुझ्याकडं इतिहास ऐकायला म्हणून आला आणि तिथलाच झाला. कुसुमताई इंदापूरच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. त्याही जळोचीतच खोली घेऊन राहिल्या. हस्तलिखितांच्या प्रती करण्यासारखं काम आता कुठून आणायचं, असा प्रश्न पडला तेव्हा तुला ते मोठ्या अक्षरांचं सुचलं. म्हाताऱ्या बायकांना छापील अक्षर दिसत नाही, म्हणून तुम्ही सगळे बसून बोटाएवढ्या अक्षरात गोष्टी, स्तोत्रं, भाजीच्या कृती, काय काय लिहून काढायला लागलात. काळी शाई, जाड कागद, सुतळीची शिवण.

माझी आई तुझ्या त्या पुस्तकांवर वाचायला शिकली. तिचं वय बघता हा चमत्कारच म्हणायचा, पण तू चमत्कार शब्द वापरू द्यायचा नाहीस. इंदापूरच्या स्टँडवर ती प्रत्येक एसटीची पाटी मोठ्यानं वाचायची. कंडक्टर वैतागायचा. "अहो आजी, चढा आता," म्हणायचा, आणि ही म्हणायची, "थांब की जरा, अजून टेंभुर्णी वाचायचं ऱ्हायलंय." तेवढ्यासाठी मी तुझे पाय धरायला तयार होतो, शांतवन. तसं कधी म्हणालो नाही. तूही म्हणू दिलं नसतंस.

आपलं वाजलं ते त्या नेमावरून.

त्या बंधूंमध्ये एक रीत होती. एकत्र बसून एकमेकांचे दोष तोंडावर सांगायचे. ज्याला सांगितलं त्यानं नम्रपणे ऐकून घ्यायचं, स्वतःची बाजू मांडायची नाही. ही रीत तू उचललीस आणि आणखी घट्ट केलीस. उत्तर द्यायचं नाही. का म्हणून विचारायचं नाही. सांगणाऱ्यानंही पुढं विषय वाढवायचा नाही. ज्याला सांगितलं त्यानं फक्त "ऐकलं" म्हणायचं आणि पुढच्याची पाळी.

मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, हे आपल्याकडं चालायचं नाही. आपल्याकडं भावकी आहे, मनात धरून बसायची सवय आहे. तू म्हणालास, "त्याच्यासाठीच पायजे. बावड्यात आपन काय बघितलं लहानपनापास्नं? कुनी एक बोललं की दुसरा चार बोलतो. ऐकतो कोन? उत्तर द्यायचं न्हाय म्हनलं की मानूस पयल्यांदा ऐकाय लागतो."

"आन् सांगनाऱ्याचीच चूक असंल तर? ती दुरुस्त कुनी करायची?"

"ती देव करंल."

"देवाला लई कामं लावतोस तू," मी म्हणालो आणि तू विषय बदललास. वर्षानुवर्षं आपण ह्यावरच भांडलो. कधी स्वयंपाकघरात, कधी फोनवर, एकदा तर भर बारामतीच्या बाजारात, कोथिंबिरीच्या ढिगापाशी. मी जिंकलो नाही आणि तूही मला पटवू शकला नाहीस. खरं सांगायचं तर कधीकधी वाटायचं, तुझंच बरोबर असेल. अंकुश सुधारला होता. चुलतभावावर हात टाकणारा माणूस तुझ्या चटईवर बसून "ऐकलं" म्हणायला शिकला, हे मी डोळ्यांनी बघितलं.

पण गेल्या पावसाळ्यानंतरचे रविवार मला आता वेगळेच आठवतात.

कुसुमताई म्हणाल्या, "सर, तुम्ही हल्ली ताटात भात टाकता. पोरींना अन्न टाकू नका म्हणून सांगता आणि स्वतः टाकता." तू म्हणालास, "ऐकलं."

अंकुश म्हणाला, "सर, वाचन चालू असताना तुमी डुलक्या घेता. आमी झोपलो तर तुमी जागं करता." ऐकलं.

मग कुणीतरी म्हणालं, सर लवकर चिडतात. कुणी म्हणालं, सरांचा चेहरा भरलाय, साधं राहा म्हणतात आणि घरी गुपचूप काहीतरी चांगलंचुंगलं खातात वाटतं. त्यावर गोलातले लोक हसले, तूही हसलास आणि म्हणालास, ऐकलं. पायात चप्पल घट्ट व्हायला लागली तेव्हा तू नव्या चपला आणल्यास, तर तोही दोष निघाला. जुनी जोडी धड असताना नवी कशाला. तू मान खाली घालून ऐकलंस. मी दाराशी लसूण सोलत बसलो होतो. माझ्या अंगावर काटा आला होता, पण का आला हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

माणसाला दोषच बघायची सवय लावली की त्याला दोषच दिसतात. भात का टाकतो, हे त्या गोलात कुणाच्या मनात येईना. टाकतो एवढं दिसलं, ते सांगितलं, तू ऐकलंस, काम झालं. चार शहाणी, मायाळू माणसं दर रविवारी तुझं आजारपण तुला वाचून दाखवत होती आणि कुणालाच कळत नव्हतं की आपण काय वाचतोय.

एका रविवारी मी निघताना तू फाटकापर्यंत आलास. जवळ आलास तेव्हा तुझ्या तोंडाला एक वास आला, युरियाचं पोतं फोडल्यावर येतो तसा. मला वाटलं, अंकुशबरोबर खत टाकायला गेला असशील. तरी विचारलं, "शांत्या, तब्येत बरी न्हाय का रं?"

"ऐकलं," तू म्हणालास.

"आरं, दोष न्हाय सांगत मी. इचारतोय."

तू हसून माझ्या खांद्यावर थोपटलंस आणि आत गेलास. चालताना एकदा भिंतीला हात लावलास. पलीकडं नव्या प्लॉटिंगचे खांब रोवले होते आणि त्यांच्या लाल चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या. मला उगाचच त्या बघवेनात. मी गाडीला किक मारली.

पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तू शुद्धीवर नव्हतास. मुलींना शुद्धलेखन घालताना तू कोसळलास. अंकुशनं तुला स्वतःच्या पिकअपमध्ये घातलं आणि बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मी बावड्याहून पोचेपर्यंत डॉक्टर बाहेर आले होते. दोन्ही किडन्या गेल्यात म्हणाले. सूज, तोंडाचा तो वास, सगळं त्याचंच. आणि मग, जरा रागानंच, "यांना सांगितलं होतं आम्ही. तपासणीला आले होते ते मागं. परत आलेच नाहीत."

म्हणजे तुला माहीत होतं.

कुसुमताई कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "जेवण जात नसेल ना यांना? बरेच दिवस?" डॉक्टर म्हणाले, महिनोन्‌महिने. सगळा जन्म ज्या बाईनं वॉर्डात काढला, नुसतं तोंड बघून ताप सांगितला, त्या बाईनं तुझं न गेलेलं जेवण तुझा दोष म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

तुझ्याजवळ मला थोडा वेळ बसू दिलं. तुझे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. वाटलं, आता तरी काही सांगशील. तू मुलींना ओळ सांगत होतास. "रेघ सोडू नका, सावकाश," एवढंच. मी तुझा हात धरून बसलो. हात गार होता आणि सुजलेला होता. त्या हाताला मी शाळेत असल्यापासून ओळखतो.

शांतवन, मी तुझ्यावर चिडलोय. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू काही परका नाहीस. का सांगितलं नाहीस? भीती वाटली? मशीनवर जगायला नको वाटलं? की तुला खरंच वाटायला लागलं होतं की आजारसुद्धा एक दोषच, मान खाली घालून ऐकायचा? ज्या माणसापासून त्या बंधूंची सुरुवात झाली, त्याच्या मरणाची गोष्ट तू किती जीव लावून सांगायचास! प्लेगची साथ होती, मित्र आजारी पडला, हा त्याला बघायला गेला आणि त्यातच गेला. सांगताना तुझे डोळे भरायचे. पण त्या गोष्टीत मित्र आजारी आहे हे निदान कळलं तरी होतं रे. म्हणून तर तो बघायला गेला. तू आम्हाला येऊसुद्धा दिलं नाहीस. मी आलो असतो. पेरू झाडाला सडले असते तरी आलो असतो.

आता त्या रविवारचं सांगतो.

कुसुमताईंची पाळी आली. त्या गोलात मान खाली घालून बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. अंकुश म्हणाला, "ताई, सर गेल्यापास्नं तुमी कुनाशी बोलत न्हाय. दुःख आमालाबी हाय." ताई म्हणाल्या, ऐकलं. मग अंकुशची बायको म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुमी कामाला आंग लावत न्हाय आता. परवा कळशी मला उचलाय लावली. भांडी एका हातानं घासता, डावा हात नुसता मांडीवर." ऐकलं.

डावा हात खरंच मांडीवर होता. मी लसूण खाली ठेवला. हात उजव्यापेक्षा जाड दिसत होता आणि त्या तो अंगाला चिकटवून बसल्या होत्या, कुणी धक्का मारील या धास्तीनं बसावं तशा. मला युरियाचा तो वास आठवला.

"ताई, हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"बापू, मधी बोलायचं न्हाय," अंकुश म्हणाला. "सरांचा नेम हाय."

"त्या नेमापायीच मेला तुझा सर!"

शांतवन, तुझ्या घरात मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. बाहेर मुली खेळत होत्या, त्या थांबल्या. अंकुशचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हा उठून मला मारतोय. तो उठला नाही.

कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना, बापू. मला ऐकायचंच आहे. मी नर्स होते. माझ्या समोर बसून ते गेले आणि मला दिसलं नाही. आता माझ्याकडं कुणी बघायची गरज नाही."

हे त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की मला जास्त भीती वाटली. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तुझ्या मरणाची शिक्षा स्वतःला करायचं ठरवलं होतं, आणि तुझा नेम त्यांना त्यासाठी अगदी सोयीचा होता.

मी त्या दिवशी बावड्याला परतलो नाही. अंकुशकडंच राहिलो. सोमवारी सकाळी जाऊन ताईंच्या पायरीवर बसलो. त्यांनी आतून चहा दिला, मी चहा घेतला आणि तिथंच बसून राहिलो. शेजारच्या बायका बघायला लागल्या. "बापू, लोक काय म्हणतील," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "म्हनू दे. तुमी दवाखान्यात येईपतूर मी हितनं हलत न्हाय. पेरू पिकलं तर पिकू दे." थोड्या वेळानं अंकुश पिकअप घेऊन आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. पुढचं दार उघडलं आणि ताई बाहेर येईपर्यंत तसंच धरून उभा राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. "काय त्रास होतोय, मावशी?"

ताईंनी पदर आणखी घट्ट ओढला. डॉक्टरीण परत म्हणाली, "मावशी, कुठं दुखतंय?" ताईंनी माझ्याकडं बघितलं. एवढी शिकलेली, जन्मभर दुसऱ्यांना हेच प्रश्न विचारलेली बाई, उत्तर देऊ का म्हणून माझ्या तोंडाकडं बघत होती. मला तेव्हा तुझी लाज वाटली, शांतवन. पहिल्यांदा.

"ताई, इचारत्यात त्या," मी म्हणालो. "सांगा की."

मग त्या बोलल्या. काखेत गाठ आहे. छातीतही आहे. हाताला सूज अलीकडची. दुखायचं नाही आधी, आता दुखतं. झोप लागत नाही.

"कधीपासून आहे गाठ?"

"सरांच्या आधीपासून," ताई म्हणाल्या. "बरीच आधीपासून. उन्हाळ्यात हाताला लागली होती."

डॉक्टरणीला सर कोण ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणजे तू भात टाकतोस हे त्यांनी सांगितलं तेव्हा गाठ होती. तू डुलक्या घेत होतास तेव्हा होती. ही शिक्षा तुझ्या मरणानंतर सुरू झालेली नव्हतीच. दर रविवारी तुम्ही दोघं त्या चटयांवर समोरासमोर बसत होतात, दोघांनाही आपापलं माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांचे दोष सांगून घरी जात होतात. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं, नर्सला हाक मारली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर अंकुश उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, उन्हाळ्यापासूनचंही. तो भिंतीला टेकून खालीच बसला. मग मान वर करून म्हणाला,

"बापू, आपल्यात आजून कोन कोन गप बसलंय?"

मी त्याच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघं गोलातलं एकेक तोंड आठवायला लागलो.